वन्संचं स्पेलिंग

सरकारवर जितका विश्वास आमच्या थोरल्या वन्संचा आहे, तितका खुद्द सरकारचाही स्वतःवर नसेल. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या नावानं सरकारनं काही ना काही बाजूला काढून ठेवलेलं आहे, ते कुठल्या तरी कचेरीत नीट बांधून पडलेलं आहे आणि आपण फक्त योग्य ते कागद घेऊन आणायला जायचं आहे, अशी त्यांची पक्की समजूत. शिष्यवृत्ती, फीची सवलत, वसतिगृहाचा भत्ता, गणवेश, सायकल, काहीही असो, त्याला त्या 'मदत' म्हणत नाहीत. 'पोराचं' म्हणतात. "तुझ्या पोराचं आणलं का?" असं त्या रस्त्यात कुणालाही थांबवून विचारतात. नवख्या माणसाला वाटतं, पोराचं काहीतरी हरवलंय.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. संगमनेरहून शेजारच्या अकोले तालुक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डाव्या हाताला आत वळलं की त्यांचं गाव लागतं. गाव त्यांना अक्का म्हणतं. त्यांचे यजमान साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, अतिशय अबोल गृहस्थ. दोन्ही मुलं पुण्यात नोकरीला. म्हणजे वन्संच्या स्वतःच्या घरात शाळेत जाणारं कुणीच नाही. त्यामुळे सगळं गाव त्यांना मोकळं मिळालं. मी संगमनेरात प्राथमिक शाळेत शिकवते, आणि लग्न होऊन आल्यापासून दर जून महिन्यात वन्सं आमच्याकडे मुक्कामाला असतात. कारण तहसील कचेरी आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमचं लग्न जमवताना त्यांनी हे अंतर आधी पाहिलं होतं, असं माझे मिस्टर अजूनही म्हणतात.

कचेरीत जाताना वन्सं लग्नाला नेसायची साडी नेसतात. एकदा मी विचारलं, दाखला तर काढायचा आहे, त्याला एवढं काय. त्या म्हणाल्या, आपण मागायला गेलो की जुनी साडी नेसावी, आणायला गेलो की चांगली. कागद ठेवायला त्यांच्याकडे पापडाचा जुना ॲल्युमिनियमचा डबा आहे. त्यात गावातल्या पोरांचे उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्डाच्या प्रती, सगळं घरवार लावलेलं असतं. डबा कितीही घासला तरी त्याचा मूळ वास गेला नाही. अर्ज हातात घेऊन कारकुनानं नुसता हुंगला तरी तो कुणी आणलाय हे कळतं, अशी त्या कचेरीत गंमत चालते. कारकुनांनाही त्यांची सवय झालेली आहे. सुरुवातीला त्यांना टाळत. मग वन्संनी प्रत्येकाच्या आईचे गुडघे, बायकोचं बाळंतपण आणि पोरांच्या इयत्ता माहीत करून घेतल्या, आणि एका कारकुनाला त्याच्याच मुलीची शिष्यवृत्ती त्यानं भरलेली नाही हे दाखवून दिलं. तेव्हापासून त्यांना खुर्ची मिळते.

पण वन्संचं खरं लक्ष दाखल्यावर नसतं, नावावर असतं. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरं, एवढ्याशा कारणानं किती पोरांचं अडकून पडलंय याच्या कथा त्या अशा सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी विहिरीत अडकलंय. त्यामुळे माणसाची ओळख झाली की त्या त्याचं आधारवरचं नाव विचारतात आणि पुढे आयुष्यभर त्याला त्याच नावानं हाक मारतात. गावात ज्याला सगळे बाप्पू म्हणतात, त्याला वन्सं 'ज्ञानदेव रखमाजी' म्हणतात, आणि तो बिचारा आधी मागे वळून बघतो.

बारशाला तर वन्संना बोलवावं की नाही यावर घराघरांत खल होतो. माझ्या मुलाच्या वेळची गोष्ट. मी मोठ्या हौसेनं 'ऋत्विज' नाव काढलं होतं. पाळणा सजला, बायका जमल्या, आणि मी आत्याबाईंच्या, म्हणजे वन्संच्याच, कानात नाव सांगितलं. नाव ठेवायचा मान त्यांचा. त्यांनी बाळाकडे एकदा बघितलं. मग मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाल्या की, याचं इंग्रजी चार तऱ्हेनं होतंय, पोरानं काय गुन्हा केलाय? मी घाईनं दुसरं नाव सांगितलं, समीर. त्यावर त्यांनी मान हलवली. समीरलाही दोन तऱ्हा आहेत, म्हणाल्या. बायका ताटकळल्या, घुगऱ्या निवल्या, बाळ रडून रडून झोपलं. शेवटी वन्संनी पाळण्यात वाकून 'अमर' म्हटलं आणि पाळण्याला झोका दिला. मी दोन दिवस धुसफुसत होते. पण आज अमर कॉलेजात आहे आणि त्याच्या एकाही कागदावर त्याचं नाव वेगळं नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे.

त्यांच्या या धोशामुळे माणसं दुखावतही. गावातला एक तरुण अपघातात गेला. दोन लहान पोरं. सगळ्या बायका त्याच्या बायकोला धरून रडत होत्या, आणि पाचव्या दिवशी वन्सं तिच्या शेजारी बसून हळूच सांगत होत्या की मृत्यूचा दाखला काढताना एक काढू नको, पाच प्रती घे, बाप नसलेल्या पोरांसाठी दर महिन्याला मिळतं, उशीर करू नको. तिच्या सासूनं ते ऐकलं आणि वन्संना दारातून उठवलं. गावात बरंच बोललं गेलं. पावसाळा सरताना ती मुलगी स्वतःच पोरांना घेऊन त्यांच्या घरी आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "अक्का, पाच प्रती काढल्यात." पुढचे सहा आठवडे वन्संनी तिला घेऊन कचेऱ्या केल्या. सासू पुढं कधीतरी तिळगूळ द्यायला आली, एवढंच.

ऑनलाइन अर्ज सुरू झाल्यावर आम्हाला वाटलं, आता वन्सं थांबतील. तसं झालं नाही. गावातल्या ई-सेवा केंद्रात, टाइप करणाऱ्या मुलाच्या खुर्चीमागे, एका हातात पोराचं आधार धरून त्या उभ्या राहू लागल्या. तो एक अक्षर टाइप करी, वन्संचं बोट स्क्रीनवर त्या अक्षरावर जाई, मग आधारवर जाई, मग पुन्हा स्क्रीनवर. चूक झाली की त्या काही बोलत नसत, बोट तिथंच दाबून धरत. त्या मुलानं स्क्रीन पुसायला एक वेगळं फडकंच ठेवलं होतं. पण त्यानंच मला सांगितलं की, अक्कांनी तपासलेला एकही अर्ज नावावरून परत आलेला नाही.

त्या गावात दुधाचा टेम्पो चालवणारा एक माणूस आहे. सकाळी गोठ्यागोठ्यांवरून कॅन गोळा करायचे आणि संघाच्या केंद्रावर पोचवायचे, हे त्याचं काम. स्वभावानं कडक, कुणाचं उसनं ठेवणार नाही आणि कुणापुढं हात पसरणार नाही अशातला. त्याची मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि संगमनेरला पॉलिटेक्निकला नंबर लागला. फी जास्त होती. शिष्यवृत्तीत ती बसत होती, पण बाप अर्ज करायलाच तयार होईना. उत्पन्नाच्या दाखल्यावर आपली मिळकत एवढीशी लिहिलेली चार लोकांनी वाचली तर उद्या पोरीला स्थळ कसं येणार, ही त्याची अडचण. वन्सं तीन वेळा त्याच्या घरी गेल्या. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "तू टेम्पो चालवतो, तो रोड काय तुज्या आज्यानं बांधला व्हता? त्यावरून जाताना लाज वाटती का? मग हे बी तसंच हाय." तो हसला नाही, पण त्यानं कागद काढून दिले.

आणि मुलीचं नाव होतं ज्ञानेश्वरी.

वन्संच्या आयुष्यातलं हे सगळ्यात अवघड नाव. इंग्रजीत याचं काय काय होऊ शकतं ते मी इथे लिहीत नाही. आधारवर एक तऱ्हा होती, दहावीच्या मार्कलिस्टवर दुसरी. वन्संनी तिला घेऊन आधार दुरुस्त करून आणलं, बँकेत खातं नव्यानं जोडून घेतलं, आणि अर्ज भरताना स्क्रीनसमोर अर्धी दुपार घालवली. शेवटी मोबाईल नंबरचा प्रश्न आला. ज्ञानेश्वरीच्या घरी फोन एकच, तो दिवसभर बापाबरोबर टेम्पोत. वन्सं म्हणाल्या, माझा टाका. तो टाकला. अर्ज गेला. एकही अक्षर चुकलं नव्हतं.

जानेवारीत कॉलेजच्या फलकावर यादी लागली. ज्यांचे अर्ज पूर्ण झाले नाहीत, त्यांनी फी भरावी. यादीत ज्ञानेश्वरीचं नाव होतं. ती धावत अक्कांकडे आली, दोघी ई-सेवा केंद्रात गेल्या. मुलानं पोर्टल उघडून पाहिलं. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत पुसट आली होती, म्हणून अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवला होता. नवी प्रत जोडायला मुदत दिली होती, ती केव्हाच संपली होती. मुलगा म्हणाला, अक्का, याचा मेसेज आला असेल की तुमच्या फोनवर. वन्संनी फोन त्याच्या हातात दिला. त्यानं खाली खाली सरकवत नेला. रिचार्जच्या जाहिराती आणि कर्ज घ्या म्हणणारे मेसेज यांच्या मधोमध तो होता. इंग्रजीत. पूर्ण नाव घालून.

त्या दिवशी वन्सं सरळ टेम्पोवाल्याच्या घरी गेल्या. हे मला नंतर ज्ञानेश्वरीनं सांगितलं. तो अंगणात दुधाचे कॅन धूत होता. वन्सं उभ्या राहूनच बोलल्या. पोरीची चूक नाही, कॉलेजची नाही, मेसेज माझ्याकडे आला आणि मी बघितला नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तो कॅन घासत राहिला. मग वर न बघताच म्हणाला, "मी आधीच म्हणत हुतो." एवढंच. ज्ञानेश्वरीच्या आईनं चहा टाकला होता, तो न घेता वन्सं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मला फोन आला. नेहमी त्यांचा फोन आला की मला आधी माझ्या वर्गातल्या कुणाचं तरी नाव ऐकू येतं. त्या दिवशी त्या फक्त म्हणाल्या, उद्या नगरला येशील का माझ्याबरोबर. मी रजा टाकली. आता जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या तोंडातून अजून नगरच निघतं. वन्सं मात्र बसमध्ये कंडक्टरला 'अहिल्यानगर' म्हणाल्या. कागदावर जे असेल तेच, तेवढं त्यांनी त्या दिवशीही सोडलं नाही.

शिष्यवृत्तीच्या कचेरीत आम्हाला दीड तास बसावं लागलं. मग आत बोलावलं. टेबलामागचा अधिकारी तरुण होता, चेहऱ्यानं थकलेला, पण वागायला चांगला. त्यानं संगणकावर अर्ज काढून पाहिला आणि समजावून सांगितलं की मुदत गेल्यावर पोर्टल वरूनच बंद होतं, ते उघडायचं त्याच्या हातात नाही, असे पुष्कळ अर्ज राहिलेत, यंदाचं काही होणार नाही, पुढच्या वर्षी वेळेत भरा. वन्सं ऐकत होत्या. पापडाचा डबा मांडीवर होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "साहेब, चूक पोरीची न्हाई. माझी हाय. माझं नाव लिहून घ्या."

अधिकाऱ्यानं पडद्यावरचा अर्ज वरून खाली पाहिला. म्हणाला, "मावशी, चूक कुणाची हे लिहायला यात रकानाच नाही."

त्यानं पाणी मागवलं. वन्सं ते पूर्ण प्यायल्या, त्याच्या मुलांच्या इयत्ता न विचारता उठल्या, आणि आम्ही परत स्टँडवर आलो.

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. राहुरी गेली तरी त्या बाहेरच बघत होत्या. मी आपली समजूत काढत होते की कामाच्या गडबडीत माणसाचं लक्ष राहत नाही, मेसेज काय दिवसाला पन्नास येतात, मीसुद्धा बघत नाही. कोल्हारचा पूल ओलांडला तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मेसेज बघितला हुता मी."

मी त्यांच्याकडे वळले.

"बघितला हुता. मला इंग्रजी वाचता येत न्हाई गं."

चौथीनंतर त्यांची शाळा सुटली हे मला ठाऊक होतं. पण इतकी वर्षं ज्या बाईनं तालुक्यातल्या कारकुनांची स्पेलिंगं सुधारली, तिला इंग्रजी येत नसेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी विचारलं, मग एवढी नावं तपासता कशी? त्यांनी बोटानं खिडकीच्या काचेवर काहीतरी गिरवलं. म्हणाल्या, नक्षी जुळवते. आधारवर जशी नक्षी असेल, तशीच पुढं उतरली पाहिजे. स्वेटरचे टाके जुळवतात तसं. एखादा टाका चुकला की लगेच दिसतो, त्याला वाचावं लागत नाही. पण मेसेजला जुळवायला शेजारी दुसरं काही नव्हतं. इंग्रजी दिसलं की त्या जाहिरात समजून सोडून देत. कुणाला वाचून दाखव म्हणावं तर आजवरचा सगळा रुबाब जाणार. "लाज वाटली," म्हणाल्या. "लोकांच्या लाजा घालवीत फिरले, आन् आपली हाय तशीच राहिली."

मी वर्गात बसून पोरांना वाचायला शिकवते. दर जूनमध्ये ही बाई माझ्या स्वयंपाकघरात बसून कागद लावत होती, आणि मला कधी दिसलं नाही. त्यांचा हात मी संगमनेर येईपर्यंत धरून ठेवला, आणि त्यांनीही तो सोडवून घेतला नाही.

त्या वर्षाची फी बापानंच भरली. सकाळच्या फेरीला त्यानं संध्याकाळची फेरी जोडली. ज्ञानेश्वरी कॉलेजवरून आली की ई-सेवा केंद्रात तीन तास कामाला बसू लागली, अर्ज टाइप करायला. वन्सं तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या नाहीत. त्या केंद्रावर जायच्याच बंद झाल्या. गावाला वाटलं, अक्कांनी अपमान मनाला लावून घेतला. शेवटी एक दिवस ज्ञानेश्वरीच त्यांच्या घरी गेली, आणि वन्संनी तिला ओसरीवर बसवून बसमध्ये मला सांगितलं होतं तेच सगळं सांगितलं. पोरीला कळायलाच पाहिजे, म्हणाल्या. ज्ञानेश्वरीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अक्का, रविवारी दुपारी काय करता तुमी?"

असा वन्संचा इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. ओसरीवर चटई, वही, शिसपेन्सिल, आणि समोर पॉलिटेक्निकची मुलगी. वन्सं विद्यार्थिनी म्हणून फार कठीण निघाल्या. त्या काहीही मुकाट्यानं मान्य करीत नसत. 'क'ला सी पण आणि के पण, हे कळल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, म्हणजे कारकुनाची चूकच नव्हती, मुळात भाषेतच घोळ आहे. त्यांनी जाऊन एका कारकुनाची माफी मागितली, असंही ऐकते. ज्ञानेश्वरीचं स्वतःचं नाव सुटं करून वाचायला घेतलं, तेव्हा डी, एन, वाय अशी अक्षरं ओळखून त्यांनी विचारलं, ह्यात 'ज्ञ' कुठं आहे? ज्ञानेश्वरीलाही सांगता आलं नाही. दोघी हसत सुटल्या. आत यजमान झोपले होते, ते उठून बाहेर आले, काय झालं म्हणून.

पुढच्या वर्षीचा अर्ज ज्ञानेश्वरीनं स्वतः भरला आणि तो मंजूर झाला. टेम्पोवाला एका सकाळी वन्संच्या दारात थांबला आणि दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या पोराचे कागद त्यानं त्यांच्या हातात दिले. वन्संनी डबा पुन्हा बाहेर काढला. नव्या अर्जांवर त्या आता पोराच्याच घरचा नंबर टाकायला लावतात.

यंदा ज्ञानेश्वरीचं शिक्षण संपलं आणि नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एका कारखान्यात तिला काम मिळालं. दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन ती तिकडेच राहते. ती गेली तेव्हा वन्संची मोठी अक्षरं झाली होती, लहानही झाली होती. सोपे शब्द त्या वाचू लागल्या होत्या. वाक्यं राहिली.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. जेवणं झाली, यजमान आडवे झाले, आणि वन्संनी ओसरीवर चटई टाकली. वही आणली, चष्मा लावला, आणि कालचं गिरवलेलं पान उघडून बसल्या. बाहेर ऊन होतं. रस्त्यावरून एखादी गाडी जाई, तेवढाच आवाज. मी थोडा वेळ बघितलं, मग जवळ जाऊन म्हटलं, वन्सं, मी घेऊ का पुढचं? मी रोज शिकवतेच की.

त्यांनी वर बघितलं. नको म्हणायचं कसं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"असू दे," म्हणाल्या. "तिला दिवाळीला सुट्टी हाय."